सव्वा माशाचं भांडण

सोनाराच्या ताजव्यातली जुनी वजनं आता घराघरांतून गेली. पण त्यांचं एक नातलग वजन रायफलवाल्यांच्या जगात अजून ठणठणीत आहे. कंपनी सरकारने १८३३ साली रुपयाचं आणि त्याच्याबरोबर तोळ्याचं वजन १८० ग्रेन ठरवून टाकलं. बारा माशांचा तोळा, म्हणजे मासा १५ ग्रेनचा. अमेरिकेत शिकारीच्या रायफलीची गोळी आजही ग्रेनमध्येच मोजतात. तिथल्या .३०-०६ या काडतुसात १८० ग्रेनची गोळी फार रुळलेली आहे, ती बरोबर तोळाभर. .२७० विंचेस्टर या काडतुसाची मूळ गोळी १३० ग्रेनची आणि जड पर्याय १५० ग्रेनचा, म्हणजे नेमके दहा मासे. दोहोंत फरक २० ग्रेनचा. सव्वा माशाच्या किंचित वर, १.३ ग्रॅम. एवढ्यावरून तिकडचे शिकारी गेली शंभर वर्षं हमरीतुमरीवर येत आहेत, आणि त्यातले निम्मे लोक चुकीच्या गोष्टीवरून भांडत आहेत, असं माझं मत झालं आहे.

.२७० बाजारात आलं १९२५ साली, विंचेस्टरच्या मॉडेल ५४ रायफलीबरोबर. .३०-०६च्या घराण्यातली पितळी पुंगळी घेऊन तिचं तोंड .२७७ इंचाच्या गोळीसाठी आवळलं, की झालं .२७०. आकाराने मध्यम, धक्का सोसण्याजोगा, आणि त्या काळाच्या मानाने वेग अफाट. त्या वर्गातलं ते आजही सर्वांत प्रसिद्ध काडतूस असल्यामुळे जड गोळीच्या प्रश्नाचा आढावा त्याच्याच आधाराने घेणं सोयीचं.

आधी 'घरी भरणं' म्हणजे काय ते सांगायला हवं. रायफलीच्या काडतुसाचे चार भाग: पितळी पुंगळी, तिच्या बुडातली ठिणगीची टोपी म्हणजे प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी संपतात, पुंगळी उरते. ती पुन्हा आकारात आणायची, नवी टोपी बसवायची, ताजव्यावर दारू तोलून भरायची आणि हव्या त्या जातीची, हव्या त्या वजनाची गोळी हव्या तितक्या खोलीवर बसवायची. अमेरिकेत हा लाखो लोकांचा घरगुती उद्योग आहे. गॅरेजात एक दणकट टेबल आणि त्याला बोल्टने आवळलेला हाताचा प्रेस, एवढ्यावर तो चालतो. कारखान्यात भरलेलं काडतूस सगळ्यांच्या रायफलींत चालेल असं बेतलेलं असतं. घरी भरलेलं एकाच रायफलीसाठी बेततात.

आपल्याकडे या छंदाला वाव नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचाच दरवाजा बंद केला. पण मूळ कल्पना मराठी माणसाला परकी नाही. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर जी ठासणीची बंदूक असते, तिचा प्रत्येक बार घरीच भरलेला असतो. दारू किती, छरे किती, ठासायचं किती, हे धन्याच्या हाताला ठाऊक. जास्त दारू घातली तर खांदा सुजतो, त्याहून जास्त घातली तर नळी फाटते, हेही त्याला ठाऊक असतं. उलट नेमबाजीत ज्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो त्या तेजस्विनी सावंत किंवा स्वप्नील कुसाळे यांच्या .२२ रायफलीचं काडतूस पुन्हा भरताच येत नाही. त्यात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो आणि चाप ओढताच एका ठोक्यात ती कड चेपते. तिथे खेळाडू काय करतात, तर कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं आपल्या नळीत झाडून बघतात आणि जो लॉट जमेल तो साठवतात. तेही एका अर्थी आपल्या नळीला गोळी जुळवणंच.

आता मूळ प्रश्न. जड गोळी कशाला?

जुन्या लोकांना हा प्रश्न पडलाच नसता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धुराविना जळणारी दारू आली, नळीचं भोक बारीक झालं, आणि पहिल्या पिढीतली सगळी बारीक काडतुसं लांबलचक, बोथट नाकाच्या जड गोळ्या घेऊनच जन्माला आली. १८९०च्या दशकातलं ७ बाय ५७ माउझर घ्या: १७३ ग्रेन. स्वीडनचं ६.५ बाय ५५ घ्या: १५६ ग्रेन. वजन भागिले जाडीचा वर्ग, असं गणित केलं की जो आकडा येतो त्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. आपण भरीवपणा म्हणू. गोळी किती खोल घुसेल याचा तो ढोबळ अंदाज. पौंड आणि इंचात मोजलं तर त्या माउझर गोळीचा भरीवपणा .३०६, स्वीडिश गोळीचा .३२०. .२७०च्या १३० ग्रेनच्या गोळीचा फक्त .२४२, आणि १५० ग्रेनचीचा .२७९. म्हणजे आजचा शिकारी जिला 'जड' म्हणतो ती गोळी आजोबांच्या हिशेबाने हलकीच.

या भरीवपणाचा सर्वांत टोकाचा दाखला वॉल्टर बेल या स्कॉटिश माणसाने दिला. हस्तिदंतासाठी त्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, आणि त्यातले बरेचसे याच ७ बाय ५७ने, पूर्ण कवचाच्या १७३ ग्रेनच्या गोळीने. हत्तीच्या कवटीची रचना अभ्यासून मेंदूचा नेम तो धरत असे. आज वाचताना त्या आकड्याने पोटात गोळा येतो. पण काडतुसाच्या दृष्टीने निष्कर्ष स्पष्ट होता: बारीक, लांब, न फुटणारी गोळी सरळ आणि खोल जाते. हेच काडतूस इंग्लंडमध्ये रिग्बी कंपनीने .२७५ या नावाने विकलं. चंपावतची वाघीण, जिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी होते, ती १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला संयुक्त प्रांताच्या नायब राज्यपालांनी जी रायफल भेट दिली, ती .२७५ रिग्बीच. कॉर्बेट वाचून वाढलेल्या मराठी वाचकाने हे काडतूस नाव न कळता शेकडो पानांतून पाहिलेलं असतं.

स्वीडनमध्ये जड गोळीला आजही कायद्याचं पाठबळ आहे. मूस, म्हणजे तिथलं घोड्याएवढं सांबर, मारायच्या काडतुसाला दोन वाटा दिल्या आहेत. गोळी ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर तिच्यात किमान २७०० ज्यूल ऊर्जा हवी. गोळी १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २००० ज्यूलवर भागतं. १५६ ग्रेन म्हणजे १०.१ ग्रॅम. नियम कुणासमोर ठेवून लिहिला असेल ते वेगळं सांगायला नको. १४० ग्रेनची, ९ ग्रॅमला जेमतेम पोचणारी गोळी घेतली तर त्याच काडतुसाला २७०० ज्यूलची पट्टी गाठताना दमछाक होते.

मग हलक्या गोळीची लाट आली कुठून? सैन्याकडून. १९०५च्या सुमारास जर्मनांनी २२६ ग्रेनची बोथट गोळी टाकून १५४ ग्रेनची टोकदार गोळी घेतली. टोक आल्यामुळे हवेचा अडथळा कमी, वजन घटल्यामुळे वेग जास्त, आणि मार्ग सपाट. अमेरिकेने लगेच १९०६ साली २२० वरून १५० ग्रेनवर उडी मारली. इंग्रजांनी १९१० साली .३०३ची गोळी २१५ वरून १७४ वर आणली. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याने वर्षानुवर्षं 'केएफ' शिक्क्याची जी काडतुसं भरली त्यांत हीच गोळी. गंमत पुढे आहे. पहिल्या महायुद्धात मशिनगनचा पल्ला कमी पडतो असं अमेरिकेच्या लक्षात आलं, म्हणून १९२६च्या सुमारास त्यांनी पुन्हा १७०च्या वरची, मागून निमुळती गोळी आणली. ती इतकी लांब जाऊ लागली की सरावाच्या मैदानांच्या हद्दी अपुऱ्या पडल्या, आणि १९३०चं दशक संपता संपता गाडी परत १५० ग्रेनवर. फॅशन म्हणावी की शास्त्र, कळत नाही.

.२७० हे त्या लाटेचं बाळ. १३० ग्रेन, सेकंदाला तीन हजार फुटांच्या वर वेग. जॅक ओ'कॉनर या लेखकाने 'आउटडोअर लाइफ' मासिकातून त्याचा असा काही पुरस्कार केला की काडतूस आणि माणूस ही दोन नावं एका श्वासात घेतली जाऊ लागली. ओ'कॉनर विद्यापीठात शिकवलेला माणूस, लेखणी धारदार, आवड डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीची: कोरडे उघडे डोंगर, दूरचा नेम, मध्यम देहाचं जनावर. विरुद्ध बाजूला एल्मर कीथ. आयडाहोतला गुराखी आणि शिकारवाटाड्या. गिऱ्हाइकांनी हलक्या गोळीने घायाळ करून सोडलेल्या एल्क हरणांचे माग काढत तो दाट जंगलातून हिंडलेला. त्याला २५० ग्रेनच्या खालची गोळी म्हणजे पोरखेळ वाटे; .२७० कोयोटी, म्हणजे तिकडचे कोल्हे, मारायला ठीक, अशी त्याची खिल्ली. ओ'कॉनरही पुढे आयडाहोतच राहायला गेला. एकाच राज्यात दोघं, आणि भांडण मासिकांच्या पानांवर. खरं तर दोघांचं म्हणणं आपापल्या डोंगरापुरतं बरोबर होतं. एकाने मेंढा डोळ्यांसमोर ठेवला, दुसऱ्याने तीनशे किलोचा एल्क, तोही पाठमोरा पळणारा.

विंचेस्टरने १९३०च्या दशकात मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. हलकी वेगवान गोळी जवळच्या हरणाचं मांस नासवते अशी तक्रार होती, म्हणून १५० ग्रेनचं मुद्दाम हळू काडतूस काढलं. ते कुणी घेतलं नाही. वेग विकत घेतलेल्या गिऱ्हाइकाला वेग कमी करून दिलेला चालत नाही. आजचं कारखान्याचं १५० ग्रेनचं काडतूस त्यामुळे बऱ्यापैकी जलद आहे, सेकंदाला २८५० फूट; १३०चं ३०६०. आता या दोन आकड्यांतून नळीच्या तोंडाशी असलेली ऊर्जा काढून पाहा. दोन्हींची ३६६०-७० ज्यूलच्या आसपास, जवळजवळ सारखी! पुंगळी तीच, दाबाची मर्यादाही तीच. जड गोळी तीच शिदोरी कमी वेगाने घेऊन जाते इतकंच. संवेग मात्र सुमारे सात टक्के जास्त. तीनशे यार्डांवर जड गोळी हलकीपेक्षा एखाद-दीड इंच खाली पडते, वाऱ्याने वाहण्यात दोघींत फारसं डावंउजवं नसतं. ज्याला रायफल खांद्याला लावून दीड इंचाचा फरक दाखवता येतो त्याने तो दाखवावा. बहुतेकांचा हातच त्याहून जास्त हलतो.

म्हणजे दोनशे यार्डांच्या आतल्या हरणासाठी हा वाद पोकळ आहे. तो पोकळ नसतो दोन ठिकाणी. एक, जनावर मोठं आणि कोन वाईट असेल तेव्हा. दोन, अंतर चारशे-पाचशे यार्डांच्या पलीकडे गेलं की.

पहिल्या ठिकाणाची गोष्ट वजनापेक्षा गोळीच्या बांधणीने बदलली. जुनी गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ कवचात ओतलेलं शिसं. तीन हजार फुटांच्या वेगाने ती जवळच्या जनावराच्या खांद्याच्या हाडावर आदळली की चुरा. तिथे १५० ग्रेनची का तगते? जड आहे म्हणून थोडंफार, पण मुख्यतः हळू आहे म्हणून. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या एका मूसवर जॉन नॉस्लर याच्या गोळ्या वरच्या वर फुटल्या. घरी येऊन त्याने अशी गोळी बनवली जिच्या पोटात तांब्याची आडवी भिंत आहे. पुढचं शिसं फुलून जखम करतं, भिंतीमागचं शिसं शाबूत राहून आत शिरतं. १९४८ पासून ही पार्टिशन गोळी विकली जात आहे, आणि .२७०साठी तिचा १६० ग्रेनचा जड अवतारही निघाला. कीथच्या आक्षेपाला खरं उत्तर या भिंतीने दिलं.

घरी भरणाऱ्यांच्या हाती ही गोळी आली तेव्हा योगायोगाने दारूही आली होती. महायुद्धानंतर सरकारकडे २० मिलिमीटर तोफेच्या गोळ्यांसाठी बनवलेल्या, अतिशय सावकाश जळणाऱ्या दारूचे ढीग पडून होते. ब्रूस हॉजडन या माणसाने ती विकत घेऊन स्वस्तात किरकोळ विकायला काढली. ४८३१ हा तिचा क्रमांक. तोफेची दारू .२७०ला अशी लागू पडली जणू त्याच्यासाठीच केली होती, आणि जड गोळीला तर अधिकच.

का, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण घरी भरण्यातला सगळा धोका इथेच आहे. रायफलीची दारू एका क्षणात फुटत नाही, ती जळते. आणि दाब जितका जास्त तितकी ती भराभर जळते. गोळी पुढे सरकली की मागे वायूला जागा होते, दाब थोडा आवरतो. गोळी जड असेल तर ती जागची हलायला वेळ घेते. तेवढ्यात दाब चढतो, दाबामुळे दारू आणखी जोरात जळते, त्याने दाब आणखी चढतो. .२७०साठी ठरवलेली कमाल मर्यादा चौरस इंचाला ६५ हजार पौंडांची आहे, आणि हे सगळं नेमबाजाच्या गालापासून वितीवर घडत असतं. म्हणून १३० ग्रेनच्या गोळीचं दारूचं माप १५०च्या मागे भरणं हा शुद्ध आत्मघात. प्रत्येक वजनाचं, प्रत्येक दारूचं माप वेगळं. गोळी-दारूच्या कंपन्या ते प्रयोगशाळेत मोजून पुस्तकांतून छापतात. शहाणा माणूस त्यातल्या सर्वांत खालच्या मापापासून सुरुवात करतो आणि रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दट्ट्या, जड उघडू लागला किंवा टोपी चपटी दिसू लागली की थांबतो. खरं तर त्याच्या आधीच थांबायला हवं. ही लक्षणं दिसतात तेव्हा मर्यादा बहुधा मागे पडलेली असते. पुस्तकाबाहेरचं माप कुणी सांगोवांगी दिलं तर ते ऐकून सोडून द्यावं, मग सांगणारा कितीही जुना खेळाडू असो.

जुन्या काडतुसांच्या बाबतीत आणखी एक गुंता. ७ बाय ५७चे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे माउझर अजून लोकांच्या कपाटात आहेत. ते फाटू नयेत म्हणून अमेरिकेतले कारखाने या काडतुसाला फक्त ५१ हजार पौंडांपर्यंत भरतात. नव्या मजबूत रायफलीचा मालक म्हणतो, माझं काय पाप? त्याला घरी भरण्याचं कारण मिळतं. पण त्याने भरलेली काडतुसं पुढे नातवाच्या हातून आजोबांच्या रायफलीत गेली तर? डब्यावर चिठ्ठी लावणं हा या छंदातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

दुसरी अडचण जागेची. मॅगझिनचा डबा लोखंडी आहे, तो ताणत नाही. .२७०च्या काडतुसाची एकूण लांबी ३.३४ इंचांच्या आत बसवावी लागते. गोळी जड म्हणजे लांब. बाहेर लांबायला जागा नाही, म्हणजे ती पुंगळीत खोल घुसणार आणि दारूचीच जागा खाणार. जितकी जड गोळी तितकी जास्त दारू हवी असं वाटतं, आणि मिळते कमी.

आणि तिसरी अडचण, जिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं पण जिथे खरा निकाल लागतो: नळीतला पीळ. रायफलीच्या नळीत आत मळसूत्री खाचा असतात, त्या गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात. .२७०ची नळी शंभर वर्षं १० इंचांत एक फेरा या पिळाची आहे. १३० ग्रेनची गोळी त्यातून निघते तेव्हा मिनिटाला दोन लाख वीस हजार फेरे घेत असते. भोवरा उंच आणि बारीक असेल तर तो उभा ठेवायला जास्त वेगाने फिरवावा लागतो. गोळीचंही तसंच. आणि उंची म्हणजे इथे लांबी. वजन नव्हे.

वुलविचच्या आल्फ्रेड ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ साली पीळ काढायचं जे सोपं सूत्र दिलं, त्यात वजनाचा थेट उल्लेखच नाही; आहे तो जाडी आणि लांबीचा. अलीकडे डॉन मिलर यांचं सुधारित सूत्र वापरतात. त्यातून एक स्थिरतेचा आकडा निघतो: १च्या खाली गोळी हवेत कोलांट्या घेते, १.५च्या आसपास किंवा वर असेल तर निर्धास्त. मी हिशेब करून पाहिला. १५० ग्रेनची, सव्वा इंच लांबीची नेहमीची गोळी १०च्या पिळात १.७ला पोचते, मजेत. दूरच्या पल्ल्यासाठी बनवलेली निमुळती १७० ग्रेनची गोळी, लांबी १.४७ इंच धरली तर, त्याच नळीत १.२वर येते. म्हणजे काठावर. उन्हाळ्यात, उंच डोंगरावर, विरळ हवेत ती नीट जाईल. तीच डिसेंबरच्या गोठलेल्या सकाळी समुद्रसपाटीला, दाट हवेत, कागदावर आडवं भोक पाडू शकते. उलट नॉस्लरची १६० ग्रेनची, काहीशा बोथट नाकाची गोळी जड असूनही आखूड, म्हणून जुन्या नळीला ती चालते. दहा ग्रेनच्या फरकाने नळी पारखी होत नाही. लांबीने होते.

म्हणून मला वाटतं, 'जड गोळी भरू का?' हा प्रश्नच जरा तिरका आहे. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वजन नको असतं, वारा कापणारा आकार हवा असतो, आणि तो आकार लांबीतून येतो. त्याचं उत्तर प्रेसच्या टेबलावर नाही. ते नळी कापणाऱ्या कारखान्यात फार पूर्वीच दिलं गेलं आहे.

कारखान्यांना हे कळलं आहे, फक्त ते उशिरा मान्य करतात. २००७ साली हॉर्नडीने ६.५ क्रीडमोर काढलं, त्यात नवं काय होतं? दारू कमी, वेग बेताचा. पण पीळ ८ इंचांचा, आणि पुंगळी इतकी आखूड की लांब गोळी पुढे सुखाने बसावी. म्हणजे स्वीडननं १८९०च्या दशकात केलं तेच. अमेरिकेने ते शतकभरानंतर नव्या डब्यात घेतलं. २०२१ साली विंचेस्टर आणि ब्राउनिंगने ६.८ वेस्टर्न आणलं: गोळी .२७०चीच .२७७ इंची, पण पुंगळी आखूड, वजनं १६५ ते १७५ ग्रेन, आणि पीळ साडेसात-आठ इंचांचा. एका परीने ही .२७०च्या पिळाची जाहीर कबुलीच. आता .२७०च्या जुन्या मालकांपैकी काहीजण रायफल तीच ठेवून फक्त नळी बदलून घेतात, ८च्या पिळाची. खर्चिक आहे, पण निदान ज्या जागी दुखतं तिथेच औषध आहे.

या सगळ्यावर गेल्या काही वर्षांत उलट्या दिशेने ओढ लागली आहे, ती शिशावरच्या बंदीची. कॅलिफोर्नियात कोंडोर नावाचं अजस्र गिधाड १९८०च्या दशकात दोन-अडीच डझनांवर आलं होतं. शिकारी जनावराची आतडी रानात टाकून जातो, त्यात शिशाच्या बारीक चुऱ्या असतात, गिधाडं ते खातात आणि विषबाधेने मरतात. आपल्याकडची गिधाडं डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधाने गेली, त्यांची शिशाने. दोन्हीकडे मेलेल्या जनावराच्या मांसातून. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे, आणि डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या शिशाच्या गोळीलाही रजा दिली. पर्याय निखळ तांब्याचा. बार्न्स कंपनीने १९८९ सालीच तशी गोळी काढली होती. तिच्या नाकाच्या चार पाकळ्या उलगडतात आणि वजन जवळपास सगळं शाबूत राहतं.

पण तांबं शिशापेक्षा हलकं. घनता ११.३ ऐवजी ९च्या आत. तितक्याच वजनाची गोळी तांब्याची केली की ती लांब होते, आणि लांब झाली की पुन्हा पिळाशी गाठ. १३० ग्रेनची तांब्याची गोळी लांबीने १५०च्या शिशाच्या गोळीच्या जवळपास जाते. शिवाय ती फुटत नाही, त्यामुळे घुसतेही तितकीच. १५० ग्रेनच्या गोळीने जे काम साधायचं ते १३०ने, कधी ११०नेही साधतं. म्हणजे जड गोळीच्या बाजूने शंभर वर्षं जो मुख्य युक्तिवाद चालला, की खोल घुसायला वजन लागतं, तो तांब्याने बराचसा निकालात काढला. कीथ असता तर मानला नसता. आणि एका अटीवर त्याचं खरंही ठरलं असतं: तांब्याच्या पाकळ्या उलगडायला वेग लागतो. दूरवर, गोळी दमल्यावर, त्या नीट उघडत नाहीत. तिथे शिशाची मऊ, जड गोळी अजून उजवी.

मग .२७०वाल्याने काय करावं? हरीण आणि बेताचं अंतर असेल तर १३० भरावी आणि वाद घालायचा वेळ वाचवावा. एल्क असेल तर पार्टिशनसारखी नीट बांधलेली १५० किंवा १६०. इथे जड गोळी भरण्याला पूर्ण अर्थ आहे, आणि जुन्या नळीला ती झेपते. शिशावर बंदी असेल तर तांब्याची १३०, आणि नेम दूरचा लावायचा मोह आवरावा. १६५च्या वरची सुईसारखी गोळी मात्र विकत घेण्याआधी आपल्या नळीचा पीळ मोजावा, कारण रायफलीवर तो लिहिलेला असतोच असं नाही आणि लिहिलेला खरा असतोच असंही नाही.

त्याला उपकरण लागत नाही. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहायचं, बोल्ट काढून ठेवायचा. नळी साफ करायच्या मोकळ्या फिरणाऱ्या सळईला घट्ट बसेल अशी चिंधी लावायची आणि ती नळीत थोडी आत ढकलायची. सळईवर नळीच्या तोंडाशी एक आडवी खूण करायची आणि वरच्या बाजूला एक उभी. मग सावकाश आत सरकवत राहायचं. चिंधी खाचांत अडकते, सळई आपोआप फिरू लागते, उभी खूण कलते, खाली जाते, पलीकडून पुन्हा वर येते. ती बरोबर माथ्यावर आली की थांबायचं, तोंडाशी दुसरी आडवी खूण करायची आणि दोन आडव्या खुणांमधलं अंतर पट्टीने मोजायचं.

दहा इंच.